तरुणास्थी, उष्णता आणि लेसर

गेल्या वर्षी आषाढात एक सत्तावीस वर्षांचा तरुण माझ्या दवाखान्यात आला. खिशातून त्याने वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले, घडी उलगडून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "डॉक्टरकाका, लेसरनं नाक सरळ होतं म्हणे. कापाकापी नाही, टाके नाहीत. माझं होईल का हो?" कात्रणाकडे वळण्यापूर्वी मी त्याच्या नाकाकडे पाहिले. नासावंशाचा मधला भाग खचलेला, नासाग्र किंचित वर आलेले, बाजूने पाहता घोड्याच्या खोगिरासारखी खोलगट रेषा. हे नाक मला नवे नव्हते. ते असे होण्यात माझाही वाटा आहे. ती हकिगत पुढे योग्य ठिकाणी येईल.

त्याला मी 'नाही' असे उत्तर दिले. परंतु 'नाही' का, हे नीट सांगता यावे म्हणून मला बरेच वाचन करावे लागले. अशी कात्रणे घेऊन येणारे रुग्ण आपणा सर्वांकडेच येत असणार. औषधालय चालविणाऱ्या बंधूंना तर असे प्रश्न काउंटरवर उभ्याउभ्याच विचारले जातात. त्यासाठी या विषयाची मांडणी येथे करीत आहे.

तरुणास्थीचे स्वरूप

शालेय पुस्तकांत ज्याला कूर्चा किंवा कास्थी म्हणतात त्याला आपण तरुणास्थी म्हणतो. 'कूर्च' हा शब्द संहितेत निराळ्या रचनेसाठी आलेला असल्याने, निदान आपल्या व्यवहारात तरी तरुणास्थी हाच शब्द ठेवावा असे मला वाटते. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार सांगून तरुणास्थींचे स्थान नाक, कान, ग्रीवा व अक्षिकोष असे दिले आहे. त्याहूनही मार्मिक विधान निदानस्थानातील भग्ननिदानात आहे. आघात झाला असता नलकास्थी मोडतात, कपालास्थी फुटून वेगळ्या होतात, रुचकास्थी तडकतात, तरुणास्थी मात्र वाकतात, असा त्याचा आशय आहे. 'वाकणे' हा तरुणास्थीचा स्वभाव तेथे एका क्रियापदात सांगितला आहे.

वाकते खरे, पण सोडले की पुन्हा मूळ जागी येते, हा त्या स्वभावाचा दुसरा अर्धा भाग. कानाची पाळी दुमडून सोडून पाहावी. शल्यचिकित्सकाला जो त्रास होतो तो या दुसऱ्या अर्ध्यामुळे. वाकडा नाकाचा पडदा हाताने सरळ करता येतो, पण हात काढला की तो आपल्या जागी परत जातो.

हे कशामुळे घडते? तरुणास्थीत सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असते. उरलेल्या घन भागात मुख्यतः दोन द्रव्ये आहेत. एक कोलॅजेन तंतूंचे जाळे. दुसरे प्रोटिओग्लायकन नावाचे मोठे रेणू, ज्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. हा भार धन आयनांना व त्यांच्यासोबत पाण्याला आत ओढून धरतो, त्यामुळे हे रेणू सतत फुगू पाहतात आणि कोलॅजेनचे जाळे त्यांना आवळून धरते. भरलेल्या गादीची कल्पना करावी. आत दाबून भरलेला कापूस बाहेर येऊ पाहतो, खोळ आणि टाके त्याला दाबून ठेवतात, आणि या ओढाताणीतूनच गादीला ताठपणा येतो. एका बाजूची खोळ उसवली तर गादी त्याच बाजूने फुगते व विरुद्ध बाजूला वळते.

तरुणास्थीचेही नेमके असेच होते. १९५८ साली गिब्सन आणि डेव्हिस या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी बरगडीच्या तरुणास्थीचे तुकडे कोरून पाहिले आणि एका बाजूचा पृष्ठभाग काढला की तुकडा दुसऱ्या बाजूला वाकतो, हे दाखवून दिले. दोन्ही बाजूंनी समतोल राखून कोरलेला तुकडाच सरळ राहतो. कानाच्या शस्त्रकर्मात पुढे याच गुणाचा उपयोग झाला. तरुणास्थीच्या एका पृष्ठभागावर उथळ चिरा पाडल्या की कान विरुद्ध दिशेला वळतो. १९६३ मध्ये मुस्टार्डे यांनी चिरा न पाडता, केवळ टाक्यांनी कानाची घडी बांधण्याची पद्धती प्रसिद्ध केली. या दोन्ही पद्धती आजही चालू आहेत. चिरा घातल्या तर कडा उमटण्याची भीती, टाके घातले तर ते सैल होण्याची भीती. दोन्हींत तरुणास्थीच्या आतील ताण तसाच राहतो. त्याला एक तर कापून काढायचे किंवा दोऱ्याने बांधून ठेवायचे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तरुणास्थीत रक्तवाहिन्या नाहीत, चेताही नाहीत. तिच्यावर पेरिकाँड्रियम नावाचे पातळ आवरण असते. नाक व कान यांतील तरुणास्थीच्या पेशींना पोषण मिळते ते त्या आवरणातून झिरपून. हे आवरण तरुणास्थीपासून सुटले की खालची तरुणास्थी उपाशी राहते. लेखाच्या शेवटी याकडे परत यावे लागणार आहे.

सत्तर अंशांची खिडकी

कापणे व बांधणे यांखेरीज तिसरा मार्ग आहे का, हा प्रश्न रशियातील भौतिकशास्त्रज्ञ एमिल सोबोल आणि ग्रीसच्या क्रीट बेटावरील नाक-कान-घसा तज्ज्ञ इमॅन्युएल हेलिडोनिस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हाती घेतला. १९९३ साली त्यांनी सशाच्या कानाच्या तरुणास्थीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. तरुणास्थी हव्या त्या आकारात वाकवून धरली, तिच्यावर कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण टाकून ती तापविली आणि थंड होऊ दिली. पकड काढल्यावर ती मूळ आकाराकडे न जाता नव्या आकारातच राहिली.

पुढील काळात या घटनेचा बारकाईने अभ्यास झाला. तापमान साधारण साठ ते पंचाहत्तर अंश सेल्सिअसच्या दरम्यान, बहुतेक प्रयोगांत सत्तरच्या आसपास, गेले की वाकवून धरलेल्या तरुणास्थीतील ताण अकस्मात ढिला पडतो. वाकवलेली तरुणास्थी पकडीवर जो उलट दाब देत असते तो कमी होतो, आणि हा बदल उपकरणाने मोजता येतो. सोबोल यांचे स्पष्टीकरण असे की, तरुणास्थीतील पाण्याचा काही भाग प्रोटिओग्लायकन व कोलॅजेन यांना बांधलेला असतो. या तापमानाला ते बद्ध जल मुक्त होते, घटकांमधील बंध क्षणभर सैल होतात व ते नव्या स्थितीत सरकतात. थंड झाल्यावर पाणी पुन्हा बांधले जाते आणि नवी मांडणी पक्की होते. प्रोटिओग्लायकनच्या रचनेत अन्य बदलही होतात असे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. यंत्रणेच्या तपशिलाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, मुख्य घटनेविषयी नाहीत.

चरकाचार्यांच्या सूत्रस्थानातील स्वेदाध्यायात एक सुंदर दृष्टान्त आहे. वाळलेली लाकडेदेखील स्नेह व स्वेद यांच्या यथायोग्य योजनेने वाकविता येतात, मग जिवंत माणसाविषयी काय सांगावे, असा त्याचा भाव. लाकूड वाकविणारा कारागीर आजही हेच करतो. वाफेने लाकूड मऊ करतो, साच्यात अडकवतो, थंड होईपर्यंत काढीत नाही. मृदू करणे, धरून ठेवणे आणि स्थिर होऊ देणे या तीन पायऱ्यांपैकी एकही गाळता येत नाही. लेसरच्या प्रयोगातही त्याच तीन आहेत, आणि कात्रणांत नेहमी पहिल्याच पायरीचे वर्णन असते.

या दृष्टान्तावरून 'हे सारे आपल्याकडे होतेच' असे म्हणण्याचा मोह व्हावा हे साहजिक आहे. मी तो टाळतो, आणि वाचकांनीही टाळावा अशी विनंती आहे. सत्तर अंशांचे पाणी त्वचेवर पडले तर क्षणात खोलवर भाजते. नाडीस्वेद, पिंडस्वेद यांपैकी कोणताही स्वेद त्वचेखालच्या तरुणास्थीला त्या तापमानापर्यंत नेऊ शकत नाही, आणि नेऊही नये. आचार्यांनी तत्त्व ओळखले होते. त्वचा न जाळता आतल्या तरुणास्थीपर्यंत तेवढी उष्णता पोचविण्याचे साधन मात्र या काळातले आहे.

लेसरच कशासाठी

उष्णता तर तव्यानेही देता येते. परंतु तरुणास्थी साठ अंशांखाली राहिली तर ताण सुटत नाही. फार वर गेली तर कोलॅजेन आकसते, त्याचे जिलेटिन होऊ लागते, पेशी मरतात. त्यातही काळ महत्त्वाचा. काही सेकंदांत साधलेल्या सत्तर अंशांतून अनेक पेशी वाचतात, तेच तापमान मिनिटभर राहिले तर वाचत नाहीत. इतक्या अरुंद खिडकीतून जायचे तर उष्णता ठरावीक जागी, ठरावीक खोलीवर, ठरावीक काळच देता आली पाहिजे. लेसर हे करू शकतो.

येथे तरंगलांबीचा प्रश्न येतो. अवरक्त किरण पाण्यात शोषले जातात, आणि किती खोल जाऊन शोषले जावेत हे तरंगलांबीवर ठरते. कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०.६ मायक्रॉनचा किरण पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरातच संपतो. आतला भाग नंतर केवळ उष्णतेच्या वहनाने तापतो, तोवर वरचा थर भाजण्याची शक्यता असते. होल्मियम लेसरचा सुमारे २.१ मायक्रॉनचा किरण त्याहून खोल जातो. एर्बियम-ग्लास लेसरचा १.५४ ते १.५६ मायक्रॉनचा आणि निओडिमियम-याग लेसरचा १.३२ मायक्रॉनचा किरण आणखी खोल जातो. नाकाच्या पडद्याची किंवा कानाची तरुणास्थी एक-दोन मिलिमीटर जाडीची असल्याने पूर्ण जाडी सारखी तापविण्यास हे दुसऱ्या गटातील लेसर सोयीचे पडले.

थांबायचे केव्हा, हा त्याहून अवघड प्रश्न. अमेरिकेतील ब्रायन वोंग आणि थॉमस मिल्नर यांनी यासाठी एक युक्ती योजली. ताण सुटण्याच्या क्षणी तरुणास्थीतून विखुरणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण बदलते. तापविणाऱ्या लेसरसोबत एक क्षीण दृश्य किरण सोडून तो विखुरलेला प्रकाश मोजत राहायचे आणि बदल दिसताच तापविणे बंद करायचे. पाक एकतारी झाला की नाही हे पाहणारा फार्मसीतला आपला अनुभवी माणूस घड्याळाकडे पाहत नाही, पाकाकडे पाहतो, तसे हे आहे. त्वचेचे रक्षण करण्यासाठी किरणाच्या आधी थंड द्रवाचा क्षणिक फवारा मारण्याची सोयही त्यांच्या प्रयोगांत होती.

मनुष्यावर हे झाले का? झाले. मॉस्कोतील तज्ज्ञांनी सोबोल यांच्यासह वाकड्या नाकाच्या पडद्यावर होल्मियम लेसरचा वापर करून २००२ साली शंभरावर रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पडदा सरळ धरून, वरील श्लेष्मल त्वचा न कापता किरण दिला जात असे. बाहेर आलेल्या कानांसाठी १.५४ मायक्रॉनच्या लेसरचा प्रयोग स्पेनमधील ट्रेलेस आणि फ्रान्समधील मोर्दोन यांनी २००६ च्या सुमारास केला. कानाच्या दोन्ही बाजूंनी किरण देऊन नंतर काही आठवडे कानात साचा ठेवावा लागे. कात्रणात 'टाके नाहीत' हे होते, साच्याचा उल्लेख नव्हता.

यानंतर वीस वर्षे उलटली, तरी ही पद्धती सर्वत्र रूढ झालेली नाही. नाकाच्या पडद्यासाठी शस्त्रकर्म आणि कानासाठी टाके हेच आजही प्रचलित उपचार आहेत. याची कारणे समजण्यासारखी आहेत. तरुणास्थीला मूळ आकाराची 'स्मृती' असते, आणि काही अंशी ती परत येते. कमी तापविले तर आकार टिकत नाही, अधिक तापविले तर पेशी जातात. आणि जिवंत माणसाच्या कानाची जाडी जागोजागी वेगळी असते. शिवाय टाक्याने जे अर्ध्या तासात, स्वस्तात व खात्रीने होते त्यासाठी महागडे यंत्र कोण घेणार?

वोंग यांचा गट पुढे उष्णतेपासूनच दूर सरकला. मायकेल हिल या रसायनशास्त्रज्ञासमवेत त्यांनी सुयांच्या साहाय्याने तरुणास्थीत काही मिनिटे थोडक्या व्होल्टचा विद्युतप्रवाह दिला. त्याने ऊतीतील पाण्याचे विघटन होऊन आम्लता वाढते, प्रोटिओग्लायकनवरील ऋण भार तात्पुरता निष्प्रभ होतो, आणि ओढाताणच थांबल्याने तरुणास्थी मऊ पडते. आम्लता पूर्ववत झाली की ती नव्या आकारात पुन्हा ताठ होते. सशाच्या कानावरील हे काम त्यांनी २०१९ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात मांडले, आणि २०२५ मध्ये हीच कल्पना डोळ्याच्या पारदर्शक पटलासाठी, सशांच्याच डोळ्यांवर, वापरून पाहिल्याचे सांगितले. गादीच्या भाषेत सांगायचे तर येथे कापसाचा फुगवटाच काही काळ काढून घेतला जातो. मला स्वतःला हा मार्ग लेसरपेक्षा अधिक आशादायक वाटतो. परंतु तोही अजून प्रयोगशाळेतच आहे.

हे अग्निकर्म नव्हे

आपल्या क्षेत्रात दोन गैरसमज होण्याचा संभव आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो.

पहिला, लेसर म्हणजे आधुनिक अग्निकर्म. सुश्रुतोक्त अग्निकर्मात सम्यक् दग्ध हे साध्य आहे. विकृत ऊतीला अग्नीने नष्ट करावयाचे किंवा वेदनेच्या स्थानी नियंत्रित दाह निर्माण करावयाचा. तरुणास्थीला आकार देताना दग्ध होणे हेच अपयश होय. प्लुष्टसुद्धा चालत नाही. साधर्म्य शोधायचेच तर ते स्वेदाशी आहे.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. गुदविकारांसाठी १४७० नॅनोमीटरचे डायोड लेसर यंत्र आता आपल्या अनेक शल्यतंत्र-पदवीधर मित्रांकडे आहे. त्या यंत्राचे काम ऊती आकसविणे व रक्त गोठविणे हे आहे. त्याच्या विक्रेत्याने 'यात नाकाचेही होते' असे सांगितले तर तो बहुधा नाकातील वाढलेल्या शुक्तिकांविषयी बोलत असतो. त्या आकसविणे हा प्रचलित उपचार आहे, पण त्याने वाकडा पडदा सरळ होत नाही. जाहिरातींत 'लेसरने नाकाचे ऑपरेशन' असे जे छापतात त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो. तापमान मोजण्याची सोय नसलेले यंत्र तरुणास्थीवर धरू नये. वेदनाशमनासाठी मिळणारी क्षीण लेसर यंत्रे तर ऊतीला विशेष तापवतच नाहीत. त्यांचा या विषयाशी संबंध नाही.

साच्याचा सर्वांत स्वस्त उपयोग

मृदू करणे, धरणे व स्थिर होऊ देणे या क्रमात निसर्ग पहिली पायरी स्वतःच करून देतो, असा एक काळ आयुष्यात असतो आणि तो फार थोडा असतो. गर्भावस्थेत मातेकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे नवजात बालकाच्या तरुणास्थीत हायल्युरॉनिक आम्लाचे प्रमाण अधिक असते व कान अत्यंत लवचिक असतो. हे प्रमाण सुमारे सहा आठवड्यांत उतरते. दुमडलेला, टोकदार झालेला किंवा वळलेला कान या काळात मऊ साच्याने व चिकटपट्टीने योग्य आकारात धरून ठेवला तर बहुधा तसाच राहतो. जपानमधील मात्सुओ यांनी १९८४ साली हे दाखविले. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आरंभ केल्यास फळ उत्तम मिळते. पुढे दिवसागणिक तरुणास्थी ताठ होत जाते.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई नाक चिमटीत धरून ओढते, कान चोळते. अभ्यंग उत्तमच. परंतु रोज दोन मिनिटांच्या चिमटीने आकार बदलावा अशी अपेक्षा ठेवू नये. तीत धरून ठेवण्याची पायरीच नाही. जोराने ओढल्यास इजा मात्र होते. आपण बालकाला पाहतो ते पुष्कळदा बाराव्या दिवसाच्या सुमारास, सुवर्णप्राशनाच्या निमित्ताने. तेव्हा दोन्ही कान नीट पाहावेत. 'मोठेपणी होईल सरळ' असे सांगून पाठविण्याऐवजी त्याच आठवड्यात बालशल्यचिकित्सकाकडे किंवा प्लॅस्टिक सर्जनकडे पाठवावे. लेसरने पंचवीस वर्षांनी जे कदाचित होईल ते येथे चिकटपट्टीने होते.

जे उरलेच नाही त्याला आकार कसा देणार

आता त्या तरुणाकडे येतो. तो नऊ वर्षांचा असताना शाळेच्या मैदानावर क्रिकेटचा चेंडू नाकावर बसला. मला व्यवसाय सुरू करून दुसरेच वर्ष लागले होते. रक्त थांबले होते, दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन आली. नाक सुजलेले, दोन्ही बाजूंनी बंद. मी नासास्थी चाचपली, मोड नव्हती. आघातज शोथ असे निदान करून दशांग लेप व लाक्षादि गुग्गुळ दिला. "चार दिवसांत उतरेल," असे त्या माउलीला सांगितले. पाचव्या दिवशी मुलाला ताप भरला, नाकाला हात लावू देईना. तेव्हा त्याला नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठविले. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी पू निघाला. पुढील काही महिन्यांत नाक खचले.

त्याला झाले होते ते पडद्यातील रक्तसंचय. आघाताने पेरिकाँड्रियम तरुणास्थीपासून सुटते व मधल्या पोकळीत रक्त साचते. पोषण थांबलेली तरुणास्थी काही दिवसांतच मरू लागते, आणि त्यात जंतुसंसर्ग झाला तर आणखी झपाट्याने विरघळते. हे ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. अंगठ्याने नासाग्र वर उचलावे व टॉर्चच्या प्रकाशात आत पाहावे. पडदा वाकडा असेल तर एका बाजूस फुगवटा आणि दुसऱ्या बाजूस खोलगटपणा दिसतो. रक्तसंचयात बहुधा दोन्ही बाजूंना मऊ, लालसर-निळसर फुगवटा दिसतो, कापसाच्या बोळ्याने दाबल्यास तो दबतो, आणि नाक मोकळे करणाऱ्या थेंबांनी उतरत नाही. तो त्याच दिवशी चीर देऊन रिकामा करावा लागतो. मी नासाग्र उचलून पाहिलेच नव्हते. लेप लावला याचे मला दुःख नाही; आत न पाहता लावला याचे आहे.

औषधालयाच्या मालकांना म्हणून एक सांगणे आहे. नाकाला मार लागलेले मूल, दुसऱ्या दिवसापासून दोन्ही नाकपुड्या बंद, अशी तक्रार घेऊन कोणी वेदनाशामक गोळी किंवा लेप मागितला तर तो देण्यापूर्वी तज्ज्ञांकडे पाठवावे. कुस्ती किंवा कबड्डीत कानाला मार लागून आलेल्या फुगवट्यालाही हेच लागू आहे. तो वेळीच रिकामा झाला नाही तर कान कायमचा आकसून गड्ड्यासारखा होतो. कानाच्या वरच्या कडेला टोचून घेण्याची हल्ली तरुणांत आवड आहे. सुश्रुताचार्यांनी कर्णवेधासाठी सूर्यकिरण आरपार दिसतील अशी जागा निवडण्यास सांगितले आहे. तरुणास्थीतून टोचल्याने होणारा संसर्ग चिवट असतो आणि त्यात कानाचा आकार जाऊ शकतो.

अशा नाकाला लेसर काय करणार? लेसर असलेल्या तरुणास्थीला नवा आकार देतो, नसलेली निर्माण करीत नाही. हे समजून सांगताना मी त्याला कानाची पाळी दुमडून दाखविली, गादीचा दृष्टान्त दिला, आणि तुझ्या नाकात गादीच उरलेली नाही असे म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "मग बरगडीचं लावतात म्हणे, ते?"

तेच योग्य होते. पुनर्रचनेत त्वचा मिळविण्याचा प्रश्न आपल्या देशाने फार पूर्वी सोडविला आहे. कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेने पुण्याजवळ पुन्हा बनविल्याचा वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापला गेला, आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन कार्प्यू यांनी इंग्लंडात १८१४ मध्ये तसे शस्त्रकर्म केले. त्वचेखालचा सांगाडा उभा करणे हा मात्र त्यापुढचा प्रश्न. त्यासाठी बरगडीची तरुणास्थी वापरतात, आणि तीच गिब्सन-डेव्हिस यांनी दाखविलेला वाकण्याचा स्वभाव घेऊन येते. सरळ बसविलेली पट्टी काही महिन्यांत वळते आणि नाक पुन्हा वाकडे होते. मला वाटते, लेसरचा किंवा त्या विद्युतप्रवाहाचा खरा उपयोग पुढे कधी झाला तर येथे होईल. शरीराबाहेर, टेबलावर असलेल्या तुकड्यातील ताण बसविण्यापूर्वीच काढून टाकण्यासाठी. तेथे त्वचा भाजण्याची भीती नाही, आणि तापमान मोजायला हवी तेवढी जागा आहे.

मी त्याला पुण्यातील एका प्लॅस्टिक सर्जनकडे पाठविले. सोबतच्या पत्रात मूळ आघाताची तारीख, मी दिलेली औषधे आणि तज्ज्ञांकडे पाठविण्यास झालेला विलंब, सर्व लिहिले. कार्तिकात शस्त्रकर्म झाले. सर्जनने सातव्या बरगडीच्या तरुणास्थीचा मधला गाभा दोन्ही बाजूंनी सारखा कोरून घेतला, तुकडा अर्धा तास सलाइनमध्ये ठेवून तो कोणत्या बाजूला वळतो ते पाहिले, पुन्हा थोडा कोरला आणि मग बसविला. चैत्रात तो तरुण पेढे घेऊन आला. मी त्याला खिडकीजवळ उभे करून बाजूने पाहिले, मग अंगठ्याने नासाग्र उचलून आत पाहिले. नासावंशाची रेषा सरळ होती, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या होत्या. वर्ष पूर्ण होईपर्यंत दर दोन महिन्यांनी दाखवून जाण्यास सांगितले आहे.